न प्यायलेल्या दारूचा वाढदिवस

कर्जतमध्ये माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, मी दारू सोडली. दुसरी, त्याआधी मी ती बरीच वर्षं पीत होतो. दोन्ही खोट्या आहेत. मी वकील आहे आणि दारूशी माझा जो काही संबंध आला तो अशिलांमार्फत. तरीही या दोन्ही गोष्टींचा उगम मीच आहे, त्यामुळे गावाला दोष देता येत नाही.

मला व्यसन होतं ते पॉर्न पाहण्याचं. हे वाक्य लिहिताना अजूनही हात अडखळतो. पोलिसांच्या पंचनाम्यात त्याला 'अश्लील चित्रफिती' म्हणतात. माझ्या कॉलेजच्या दिवसांत पोरं 'ब्ल्यू' म्हणायची. पंचनाम्यातल्या शब्दात गुन्हा नेहमी दुसऱ्याचा असतो आणि पोरांच्या शब्दात सगळे मिळून हसत असतात. मी एकटा होतो आणि हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. कारणं मी सांगणार नाही. कारणं मांडणं हा माझा धंदा आहे आणि ती कितपत खरी असतात ते मला ठाऊक आहे.

माझं ऑफिस बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर आहे. बाहेर कारकुनाचं टेबल, आत माझी खोली. दुपारी कोर्टातलं काम आटोपलं की कारकून जेवायला घरी जाई, आणि मी आतून कडी लावून फोन हातात घेई. पाच मिनिटांसाठी घेतलेला फोन चहाची वेळ टळून गेल्यावर खाली ठेवला जाई. शेवटी शेवटी त्यात सुख म्हणावं असं काही नव्हतं. खरजेला खाजवण्यात असतं तेवढंच. बाहेर कोणी दार वाजवलं तर मी श्वास रोखून बसत असे, स्वतःच्या ऑफिसात चोर शिरल्यासारखा. एका विधवा बाईंच्या वारसा हक्काच्या प्रकरणात पुकारा झाला तेव्हा मी त्या कडीच्या आत होतो. प्रकरण गैरहजेरीत निकाली निघालं. बाई आल्या, मी त्यांना सांगितलं, कोर्टाचं असंच असतं. त्यांनी मला त्रास दिल्याबद्दल माझी माफी मागितली आणि जिना उतरून गेल्या.

याच काळात मी तालुक्यातला मागणी असलेला प्रमुख पाहुणा होतो. पुस्तकं वाचतो अशी ख्याती आणि वेळेवर येतो ही त्याहून मोठी ख्याती. एका ज्युनिअर कॉलेजने मला मोबाइलच्या व्यसनावर बोलायला बोलावलं. दीपप्रज्वलन झालं, माझा परिचय माझ्या भाषणाहून लांब झाला, शाल मिळाली, आणि हल्ली पुष्पगुच्छाऐवजी देतात तसं एक रोप मिळालं. मी इतकं चांगलं बोललो की पहिल्या रांगेतल्या एका शिक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले. परतताना मी गाडी एका बंद फार्महाऊसच्या फाटकाशी लावली आणि फोन काढला. रोप मागच्या सीटवर होतं.

माझी बायको प्राथमिक शाळेत शिकवते. एका दुपारी ती कपाटाची किल्ली घ्यायला ऑफिसात आली, आणि त्या दिवशी मी कडी लावायला विसरलो होतो. तिने पाहिलं. ड्रॉवरमधून किल्ली घेतली आणि गेली. संध्याकाळी ती घरी वह्या तपासत बसली होती.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"दोन-तीन."

तिने मान वर केली नाही. "खोटं बोलताना तुमचा आवाज कोर्टातला होतो."

दहा वर्षं झाली होती. तेही मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं नाही, पुढच्या आठवड्यात सांगितलं. मुलगा नोकरीसाठी पुण्याला असतो, त्याची खोली रिकामीच होती. तिने आपली गादी तिकडे नेली. मुलाला कारण सांगितलं, बाबा घोरतात. त्यानंतर आमच्यात बोलणं राहिलं ते गॅस सिलिंडर, पाण्याची मोटार आणि लग्नाची आमंत्रणं यांपुरतं. ती भांडली असती तर मला काहीतरी युक्तिवाद करता आला असता.

पनवेलला एका मानसोपचार डॉक्टरांकडे मी गेलो. कर्जतमध्ये जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे दवाखान्याच्या बाकावर बसलं की संध्याकाळपर्यंत नातेवाईक फळं घेऊन येतात. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं, गोळ्या दिल्या नाहीत, आणि म्हणाले, "एकट्याने होणार नाही. ज्यांना हेच झालंय अशी माणसं शोधा." मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, इंटरनेटवर असतात. तिथे मी दोनदा गेलो. सगळ्यांचे कॅमेरे बंद, सगळे मोठ्या शहरांतले, सगळे इंग्रजीत, आणि एक गृहस्थ सूत्रसंचालकाच्या आवाजात प्रेरणादायी वाक्यं वाचून दाखवत होते. शिवाय ही सभा भरत होती माझ्या फोनमध्ये. दारुड्याला सुधारण्यासाठी गुत्त्यातच बोलावण्याचा तो प्रकार होता. सभा संपली, फोन हातातच होता, आणि मग जे व्हायचं ते झालं.

एका अशिलाच्या भावाने दारू सोडली होती. खालापूरच्या बाजूला एका गावात दूध संकलन केंद्राच्या खोलीत दारू सोडणारे रविवारी दुपारी जमतात, एवढं त्या अशिलाच्या बोलण्यात आलं. मी कशासाठी गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. व्यसन ते व्यसन, कोणीतरी माझंही ऐकून घेईल, अशी अंधूक कल्पना असावी. घरी सांगितलं, बार असोसिएशनचं काम आहे. चौक गावाच्या पुढे रस्ता विचारत विचारत पोचलो.

सकाळी त्या खोलीत दुधाचे कॅन येत आणि फॅट मोजली जाई. दुपारी फरशी धुऊन काढलेली असे, तरी आंबूस वास राही. दहा-बारा पुरुष प्लॅस्टिकचे क्रेट उलटे करून त्यांवर बसले होते. दारुड्यांनी दुधाच्या खोलीत जमावं यात कोणाला काही विनोद दिसत नव्हता. मला दिसला, तो मी गिळला. बॅनर नव्हता, हार नव्हते, परिचय नव्हते. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, ज्यांना सगळे काका म्हणत, भिंतीशी बसून ज्याची पाळी असेल त्याच्याकडे बोट दाखवत. ज्याने त्याने आपलंच सांगायचं आणि दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही, एवढे दोनच नियम. कोणी फार लांबवलं की काका शेजारच्या रिकाम्या कॅनवर टकटक करत. तालुक्यातल्या सगळ्या व्यासपीठांवर असा कॅन ठेवावा असं मला वाटून गेलं.

माझी पाळी आली. मी उठलो. समोर कंपनीत हात गमावलेला एक जण होता, एकाने स्वतःच्या आईला मारल्याचं नुकतंच सांगितलं होतं. त्यांच्यापुढे मी काय म्हणायचं होतं? मी फोन बघतो?

"मी पितो," मी म्हणालो. "कडी लावून."

दारूला आपल्याकडे एक प्रतिष्ठा आहे. दारुड्याला शिव्या देतात, पण त्याला आपला म्हणतात, गटारातून उचलून घरी पोचवतात. तो सुधारला तर सत्कारही करतात. माझ्या आजाराला कोणी उचलायला येणार नव्हतं. त्या दिवशी मी माझी खरी गोष्ट सांगितली, फक्त फोनच्या जागी बाटली ठेवली. ती तिथे इतकी चपखल बसली की मलाच भीती वाटली. लपवणं, शपथा, टाकून देणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणणं, दारावरची टकटक, त्या विधवा बाई. सगळे माना हलवत होते. इतक्या वर्षांत प्रथमच माझं बोलणं ऐकून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि मला बरं वाटलं.

बाहेर पडल्यावर कडावचा एक शेतकरी माझ्या गाडीला टेकून उभा होता. माझ्याच वयाचा, भाताची थोडी जमीन, चार म्हशी.

"देशी का इंग्लिश?" त्याने विचारलं.

"इंग्लिश," मी म्हणालो, आणि एका अर्थी ते खरंही होतं.

"वाटलंच. तोंडावरनं देशी दिसत नाय तुमी." त्याने माझा नंबर घेतला. "तुमची टायमिंग कोनची?"

"म्हणजे?"

"आवो, परत्येकाची येक येळ आसतं. माझी संध्याकाळची, धार काढून झाली की. तुमची?"

"दुपारची."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्याचा फोन येऊ लागला.

"ओ वकील. कडी लावलीया का?"

"लावली आहे."

"काढा."

"काढतो."

"काढतो नको. आता काढा. मला आवाज आयकू येऊ द्या."

मी उठायचो आणि फोन कडीजवळ धरून ती सरकवायचो. खट्ट आवाज झाला की तो म्हणायचा, "हां. आता दार सताड उघडा टाका आन् बसा. आमची म्हस आटली, तुमी आटलाव का नाय आजून?" मग म्हशीबद्दल बोलायचा, पेंडीबद्दल, रस्त्याला जाणाऱ्या जमिनीबद्दल फुकट कायदेशीर सल्ला घ्यायचा. तोवर कारकून जेवून यायचा. संध्याकाळी, त्याच्या वेळेला, मी त्याला फोन करायचो. मला म्हशीतलं काही कळत नसे, त्यामुळे मी त्याला कोर्टातले किस्से सांगत असे. त्यांतले निम्मे त्याला पटत नसत. "येवढी येडी मानसं आसतात व्हय?" तो म्हणायचा, आणि त्याची संध्याकाळ निघून जायची.

असं महिनोन्महिने चाललं, आणि ते लागू पडलं. खोट्या नावाने घेतलेलं औषधही लागू पडतं. सुरुवातीलाच एकदा मी घसरलो, तेव्हा रविवारी जाऊन 'प्यायलो' असं सांगितलं. त्यानंतर घसरलो नाही. त्या विधवा बाईंचं प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी अर्ज केला. आणि एका रविवारी त्या कडावच्या माणसाने आपल्या बायकोचं सांगितलं. पिऊन आल्यावर त्याने तिला पावसात घराबाहेर काढलं होतं, कडेला पोर होतं. पोराला घेऊन ती माहेरी गेली ती परतली नाही. पुढे तिकडेच तापाने गेली, आणि दिवसकार्य होऊन गेल्यावर याला कळवलं. हे सगळं त्याने भिंतीकडे तोंड करून सांगितलं. काकांनी कॅन वाजवला नाही.

संक्रांतीनंतरच्या दिवसांत बायको आमच्या आळीत हळदीकुंकवाला गेली होती. परत आली आणि वाणात मिळालेली प्लॅस्टिकची चाळणी हातात तशीच धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"ज्यांच्या घरी होतं ना, त्यांनी सगळ्या बायकांत मला जवळ घेतलं. म्हणाल्या, वहिनी, तुम्ही किती सोसलंत हो, आम्हाला कधी कळूही दिलं नाहीत. आता सुटली ना पण त्यांची?"

मी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली.

"मी विचारलं, काय सुटली? तर म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या ऑफिसातला एक जण खालापूरला त्या मीटिंगला जातो, तो सांगत होता." तिने चाळणी टेबलावर ठेवली. "तुम्ही रविवारी तिथे जाता?"

"हो."

"आणि दारू म्हणून सांगता?"

"हो."

"मी पण हो म्हटलं. म्हटलं, सुटली." ती बसली. "तुम्ही दारू पीत असतात ना, तर मी चार बायकांत बसून रडले असते. माझ्या आईला सांगितलं असतं. तुम्ही मला रडायलाही जागा ठेवली नाहीत. आणि स्वतःसाठी मात्र शोधलीत."

बोललो असतो तर माझा आवाज कुठला झाला असता ते मला माहीत होतं.

त्या समूहाची एक रीत होती. वर्ष कोरडं गेलं की त्या माणसाचा वाढदिवस करायचा. केक नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या बायका येत. ज्याचा वाढदिवस त्याची बायको पुढे उभी राहून तिने काय भोगलं ते सांगे, नवऱ्याने ते मान खाली घालून ऐकायचं. मग ती त्याला आपल्या हाताने दुधाचा ग्लास देई. आमंत्रण नवऱ्याने द्यायचं नाही, कारण त्याच्या शब्दावर बायकोचा विश्वास उरलेला नसतो. त्याला रोज फोन करणाऱ्या सोबत्याने घरी जाऊन द्यायचं. मी वर्षाहून जास्त काळ हे वाढदिवस पाहत आलो होतो आणि माझी पाळी येणार हे मला ठाऊक होतं. माझी केस आली की पुढची तारीख घ्यायची, हेच मी करत राहिलो.

कडावचा माणूस मोटारसायकलवरून खरवसाचा डबा घेऊन आमच्या घरी आला. सोफ्यावर टोकाला बसला.

"वहिनी, या रैवारी यायचा हाय तुमाला."

"मी येऊन काय करू?"

"बोलायचा. जा काय आसल ता. आमचे वकील लय बोलतात, पन बायकोचा बोलना येगळा." त्याने डबा तिच्याकडे सरकवला. "माजी आसती तर तिनं मला उभा चिरला आसता तितं. मी आयकून घेतला आसता."

बायकोने डबा घेतला. त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी म्हणालो, "नाही आलीस तरी चालेल. मी काहीतरी सांगेन."

"तुम्ही काहीतरी सांगालच," ती म्हणाली. "मी येणार आहे."

रविवारपर्यंत मी तिला विचारलं नाही की ती काय बोलणार आहे. विचारायचा अधिकार मला नव्हता. ती दारूचं खोटं बोलली तर तिच्या डोक्यावर माझं आणखी एक ओझं, आणि खरं बोलली तर जिथे मी सावरलो ती एकच जागा गेली. यांतलं मला काय हवं होतं? खोटंच हवं होतं. गाडी चालवताना मला ते स्वच्छ कळत होतं.

खोलीत त्या दिवशी बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. काकांनी बोट दाखवलं. माझी बायको उठली, पदर सारखा केला, आणि वर्गात उभी राहते तशी उभी राहिली. शेजारच्या टेबलावर दुधाचा ग्लास झाकून ठेवला होता.

"हे कधी दारू प्यायलेले नाहीत," ती म्हणाली. "दारूचा वास येतो. माणूस पडतो. शेजाऱ्यांना दिसतं. मला काहीच दिसत नव्हतं. मला वाटायचं, माझंच काहीतरी कमी पडतंय, माझं वय झालंय. आरशात बघायची मी. दहा वर्षं. काय होतं ते यांना विचारा, माझ्या तोंडून नको."

ती ग्लासला हात न लावता खाली बसली.

सगळे माझ्याकडे वळले. "मी पॉर्न बघायचो," मी म्हणालो.

"मंजे?" काकांनी विचारलं.

मग दाराजवळ बसणारा एक जण बोलला. तिशी ओलांडलेला, मुंबईत ऑफिसात नोकरीला, शेलूच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहणारा. एरवी कमी बोलायचा. "मोबाइलवरच्या फिल्म, काका. तसल्या."

मागून कोणीतरी हसलं. "च्यायला. आमी लिवर घालवलं आन् ह्ये नुसतं बघून आलं."

"फुकटात," दुसरा म्हणाला.

काका हसले नाहीत. "वकीलसाहेब, वर्सभर तुमी हितं बसलात. या लोकांनी तुमच्यासमोर काय काय सांगितलं. तुमी त्यांना काय समजलात?"

"मला पण सोडायचंच होतं," मी म्हणालो.

"आसल. पन ही खोली दारूवाल्यांची हाय. हितं खोटं चालत नाय, ह्यो येकच नियम हाय बगा, बाकीचे नावाला." त्यांनी ग्लास उचलला आणि दूध परत पातेल्यात ओतलं. त्यात अपमान करण्याचा भाव नव्हता. दूध वाया घालवायचं नाही एवढंच.

मी कडावच्या माणसाकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो. बायको लगेच आली नाही. खिडकीतून दिसत होतं, दोन-तीन बायका तिच्याभोवती बसल्या होत्या आणि एकीने तिचा हात धरला होता. ती आली, दार लावून घेतलं. गाडी चौकला पोचली.

"मला वाटलं होतं, बोलले की बरं वाटेल," ती म्हणाली. "तसं काही झालं नाही."

दुपारचा फोन बंद झाला. पहिल्या काही दिवसांत मी स्वतः उठून दार उघडं टाकत होतो आणि ते पुन्हा लावावंसं वाटत होतं. मी त्याला फोन केले, त्याने उचलले नाहीत. मग एकदा तो तहसील कचेरीबाहेर भेटला, सातबाऱ्यासाठी आला होता.

"रागावलात?" मी विचारलं.

"खोटा बोललाव त्याचा काय नाय. परत्येक दारूवाला खोटाच बोलतो." त्याने तंबाखू मळायला घेतली. "मी माज्या बायकोचा सांगितला. ता मी दारूवाल्याला सांगितला हुता, वकील. तो हुता कुटं तितं?"

तो गेला. सातबारा मी काढून देऊ का, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. नाही विचारलं ते बरं झालं.

त्यानंतर एका शनिवारी शेलूचा तो माणूस ऑफिसात आला. मला वाटलं, फ्लॅटचं काही काम असेल. कारकून बाहेर जाईपर्यंत तो खुर्चीत बसून पेपरवेट फिरवत राहिला.

"मला दारू नंतर लागली," तो म्हणाला. "आधी ते होतं. प्यायलो की झोप यायची, मग बघणं व्हायचं नाही. म्हणून प्यायचो. तिथे मी दारूचं सांगितलं, ते खरं होतं. पण अर्धंच."

"आणि आता दारू सुटली."

"हो. म्हणजे आता झोप येत नाही."

मी हसलो. तोही हसला, आणि मग दोघांनाही ते थांबवायला बराच वेळ लागला. त्याच्या बायकोनेच त्याला पाठवलं होतं. त्या दिवशी माझ्या बायकोचा हात धरून बसली होती ती तीच. ती घरी जाऊन त्याला म्हणाली होती, त्या बाई जे बोलल्या ते माझं आहे.

तेव्हापासून तो शनिवारी येतो. पनवेलच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, दोघांना समूह म्हणत नाहीत. तिसरा कोणी मिळालेला नाही. या तालुक्यात तो नसेल असं मला वाटत नाही, पण पाटी लावून बोलावण्यासारखं हे काम नाही. आमच्याकडे वाढदिवस नाहीत आणि टकटक करायला कॅन नाही. तो दोनदा घसरला. आपापल्या घरी काय परिस्थिती आहे ते आम्ही एकमेकांना सांगतो, आणि ती फारशी चांगली नसते. माझी बायको अजून मुलाच्याच खोलीत झोपते. तिचं आणि त्याच्या बायकोचं फोनवर बोलणं होतं. काय ते आम्हाला सांगत नाहीत.

गेल्या मंगळवारी मी घसरलो. इतक्या महिन्यांनी, ऑफिसात, दार उघडं असताना. शुक्रवारी त्याला फोन करून सांगितलं, जे आहे त्याच नावाने.

"वहिनींना सांगितलंत?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मला सांगून अर्धंच झालं."

मी घरी गेलो. बायको जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं.

"कधी?"

"मंगळवारी."

तिचे हात चालूच होते. "तीन दिवस झाले."

"हो."

"त्याला आधी सांगितलंत?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिने घड्याळ पाहिलं, निवडलेली पानं पातेलीत भरली आणि उरलेली जुडी तिथेच ठेवून शाळेच्या पालकसभेला गेली. मी जुडीचा दोरा सोडला. देठ कुठवर घ्यायचे आणि कुठे खुडायचे ते मला माहीत नव्हतं. मी शेलूच्या त्या माणसाला फोन लावून विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.